छातीवरच्या कडीचा हार्नेस: ओढणाऱ्या कुत्र्यासाठी कितपत कामाचा?

'नो-पुल' हार्नेस आणला, घातला, पहिल्या दिवशी कुत्रा शहाण्यासारखा चालला आणि तिसऱ्या आठवड्यात पुन्हा ये रे माझ्या मागल्या. या हार्नेसबद्दलच्या बहुतेक तक्रारी अशाच असतात. दोष वस्तूचा कमी, पाकिटावर छापलेल्या नावाचा जास्त. कुठलाही हार्नेस ओढणं थांबवत नाही. छातीवर कडी असलेला हार्नेस फक्त ओढण्यातला फायदा कमी करतो, आणि तेवढ्या अवधीत तुम्ही कुत्र्याला सैल लीशवर चालायला शिकवायचं असतं. हे काम तो चांगलं करतो, पण माप बरोबर असेल तरच. चुकीच्या मापाचा हार्नेस साध्या कॉलरपेक्षाही जास्त डोकेदुखी होतो.

हे परीक्षण एका विशिष्ट घडणीचं आहे. समोरून पाहिलं तर छातीवर इंग्रजी 'वाय'सारखा आकार, एक कडी छातीच्या मध्यावर, दुसरी पाठीवर, आणि चार-पाच ठिकाणी पट्टी सैल-घट्ट करता येईल असे स्लायडर. छातीवरून आडवा पट्टा जाणारे हार्नेसही याच नावाने विकले जातात, त्यांच्याबद्दल पुढे येईलच.

आधी कडीच्या जागेचं गणित. लीश पाठीवरच्या कडीत असली की कुत्र्याचं सगळं बळ सरळ रेषेत पुढे लागतं, आणि भार छातीच्या रुंद भागावर पसरत असल्याने त्याला त्रासही होत नाही. बर्फावरून स्लेज ओढणाऱ्या कुत्र्यांच्या हार्नेसमध्ये दोर मागच्या बाजूलाच जोडतात, तो याचसाठी. पाठीवर कडी असलेला हार्नेस आणून 'आता जास्तच ओढतो' असं म्हणणाऱ्यांनी नकळत कुत्र्याला ओढण्याचंच साधन दिलेलं असतं. छातीवरच्या कडीत लीश लावली की ताण बाजूने येतो. कुत्रा पुढे झेपावला की त्याची छाती तुमच्याकडे वळते आणि सरळ रेषेतलं बळ मोडतं. त्याला दुखत नाही, घसा आवळत नाही, फक्त जोर लावायला ठाम आधार राहत नाही. कमी ताकदीच्या माणसालाही तो सांभाळता येतो तो यामुळेच.

माप: सगळं इथेच जमतं किंवा फसतं

कुत्रा उभा असताना मोजा, बसलेला असताना नाही. पुढच्या पायांच्या कोपरांच्या मागे, बरगड्यांचा घेर जिथे सर्वांत मोठा असेल तिथला आकडा घ्यायचा. मानेच्या मुळाशी, जिथे हार्नेसची वरची पट्टी बसणार, तिथला दुसरा. वजन किंवा जात बघून आकार निवडू नका. एकाच वजनाच्या दोन कुत्र्यांच्या छातीत पाच-सात सेंटिमीटरचा फरक सहज निघतो. आकडा दोन मापांच्या मध्ये पडला तर मोठं माप घ्या, मात्र स्लायडर पूर्ण आवळल्यावरही बरीच पट्टी लोंबत राहत असेल तर ते परत करा.

घातल्यावर तीन गोष्टी बघायच्या. पहिली, छातीवरची कडी छातीच्या हाडाच्या पुढच्या टोकावर बसते का. त्याहून वर सरकली तर ताण घशावर येतो, खाली लोंबली तर कुत्र्याचा पाय पट्टीत अडकतो. दुसरी, पोटाखालची पट्टी काखेत घुसते का. मध्यम आकाराच्या कुत्र्यात कोपर आणि पट्टी यांच्यामध्ये तीन बोटांची जागा हवी. तिसरी, प्रत्येक पट्टीखाली दोन बोटं सपाट जातात का. बोटं शिरायला जोर लागला तर घट्ट, तीन बोटं मोकळी फिरली तर सैल.

दुकानात किंवा घरी उभ्या उभ्या केलेली ही तपासणी अर्धीच. लीश छातीच्या कडीत लावून दहा मिनिटं चालवा आणि मग थांबून समोरून बघा. कडी अजून मध्यभागी आहे की लीशच्या बाजूला खांद्यापर्यंत सरकली आहे? या घडणीचा सगळ्यात मोठा दोष हाच. ताण सतत एकाच बाजूने येत असल्याने अख्खा हार्नेस अंगाभोवती फिरतो. थोडा सरकला तर पोटाची पट्टी एक टिचभर आवळून भागतं. तरीही फिरत असेल तर घडणच त्या कुत्र्याच्या अंगाला जुळत नाही असं समजा. खोल पण अरुंद छातीच्या सडपातळ कुत्र्यांमध्ये हे हमखास होतं. त्यांच्यासाठी दोन्ही टोकांना हूक असलेली लीश घ्या, एक हूक छातीवर आणि एक पाठीवर. दोन बिंदूंवर पकड आली की हार्नेस जागेवर राहतो आणि दिशा बदलणंही अलगद होतं. खरं तर ही लीश सगळ्यांनीच घ्यावी, कारण पुढे हार्नेसची सवय कमी करताना तीच लागते.

पिल्लाचं माप दर दोन आठवड्यांनी पुन्हा बघा. दाट केसांच्या कुत्र्याचे केस कापले की त्याच दिवशी.

आता आडव्या पट्ट्याचा प्रकार. छातीवरून एक पट्टी आडवी, थेट खांद्याच्या सांध्यावरून. घालायला सोपा, दिसायला सुटसुटीत, आणि बरेचदा स्वस्तही. पण चालताना पाय पुढे टाकायचा तोच सांधा, आणि पट्टी नेमकी तिथे. 'वाय' घडणीत खांदे मोकळे दिसतात म्हणून ती निवडायची. तरी एक गोष्ट सरळ सांगायला हवी: 2019 साली पशुवैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात, खांद्यावरून पट्टी जाणारा आणि खांदा मोकळा सोडणारा अशा दोन्ही घडणींच्या हार्नेसमध्ये खांद्याची पुढे जाण्याची हालचाल कमी झालेली दिसली. म्हणजे 'खांद्याला अजिबात अडथळा नाही' हा जाहिरातीतला दावा जसाच्या तसा खरा मानू नका. फेरफटका संपला की हार्नेस काढा. दिवसभर अंगावर ठेवायची ही वस्तू नाही.

बांधणी

मध्यम कुत्र्यासाठी पट्टी दोन ते अडीच सेंटिमीटर रुंद हवी, लहान कुत्र्यासाठी एक ते दीड पुरते. काखेजवळच्या भागाला मऊ अस्तर असेल तर उत्तम, पण जाड गादी नको. ती भिजली की वाळत नाही आणि त्याच ओलीत कातडी सोलते. कडी जोडाशी झाळलेली हवी. नुसती तार वाकवून केलेली कडी मोठ्या कुत्र्याच्या दोन-चार हिसक्यांत उघडते. कडीजवळचे टाके बघा: आडवे, दाट, दोन्ही बाजूंनी मारलेले. एकेरी शिलाई दिसली तर पुढे बघायचं कारण नाही.

बकल किती आणि कुठे, हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण नाही. पोटाच्या पट्टीला दोन्ही बाजूंना बकल आणि मानेच्या पट्टीलाही एक, असं असेल तर डोक्यावरून काही चढवावं लागत नाही. डोक्यावरून काहीतरी येतंय म्हटल्यावर मागे सरकणारे कुत्रे पुष्कळ, आणि रोज सकाळी दारात झटापट करून निघालात तर सैल लीश विसराच.

काही हार्नेसमध्ये छातीवर कडीऐवजी एक आवळणारा फास असतो, ताण आला की थोडा घट्ट होतो. त्यामुळे हार्नेस कमी फिरतो हे खरं. पण ही पट्टी छातीवरून आडवीच जाते, आणि ओढत राहणाऱ्या कुत्र्याचे खांदे त्यात जवळ दाबले जातात. आमचा कौल साध्या स्थिर कडीला.

लहान कुत्र्यांच्या बाबतीत हूकचं वजन बघा. चार किलोच्या कुत्र्याच्या छातीवर जाडजूड पितळी हूक लोंबला की पुढची पट्टी खाली ओढली जाते आणि तो प्रत्येक पावलाला गुडघ्यांवर आपटतो. मग कुत्रा चालत नाही आणि मालक म्हणतात, हट्टी आहे.

आणखी एक धोका: घाबरलेला कुत्रा पुढे ओढत नाही, मागे सरकतो. डोकं खाली, कोपरं आत, आणि तीन सेकंदांत हार्नेस तुमच्या हातात, कुत्रा रस्त्यावर. कुठलाच दोन पट्ट्यांचा हार्नेस यातून शंभर टक्के सुटलेला नाही. हार्नेसच्या कडीपासून कॉलरपर्यंत जाणारी वीतभर लांबीची सुरक्षा पट्टी लावा. भित्र्या कुत्र्यासाठी बरगड्यांच्या मागे तिसरी पट्टी असलेला हार्नेस मिळतो, तो घ्या.

लीश कोणती

हार्नेसवर जितका विचार होतो त्याच्या पावपट लीशवर होत नाही, आणि फसतं ते इथेच. सपाट, पावणेदोन ते दोन मीटर लांब, हातात सुटसुटीत मावेल अशी लीश घ्या. एक मीटरच्या लीशवर कुत्र्याने जरा मान वळवली तरी ती ताणली जाते, म्हणजे 'सैल' काय असतं हे त्याला कळायला वावच नाही. सैल म्हणजे हूक सरळ खाली लोंबतोय आणि लीशला झोळ पडलाय. डोळ्यांनी बघण्याची खूण हीच.

आपोआप गुंडाळली जाणारी लीश या कामासाठी बादच. तिच्यात स्प्रिंगचा हलका ताण सतत असतो, आणि कुत्रा जितका ओढेल तितकी दोरी त्याला मिळते. 'ओढ, मिळेल' हा धडा याहून चांगला कुणी शिकवू शकणार नाही. आठ-दहा मीटरची लांब दोरी मोकळ्या मैदानात फार उपयोगी, पण ती फक्त पाठीच्या कडीत लावायची. छातीच्या कडीत लावून कुत्रा दहा मीटर धावला आणि दोरी संपली, तर तो जागच्या जागी गरकन फिरतो आणि पाठीला, खांद्याला इजा होते.

शिकवणं: हार्नेसच्या पाकिटात हे लिहिलेलं नसतं

सुरुवात घरात, लीशशिवाय. वाटाण्याएवढे मऊ तुकडे घ्या. कुरकुरीत नको, चावण्यात वेळ जातो आणि जमिनीवर चुरा पडतो, मग कुत्रा चुऱ्यामागे. कुत्रा तुमच्या पायाशी आला की 'हां' म्हणा आणि तुकडा द्या. 'हां' योग्य क्षणी, तुकडा एक-दोन सेकंदांत. तो कुठे द्यायचा याला महत्त्व आहे: पँटच्या बाजूच्या शिवणीजवळ, कुत्रा ज्या बाजूला आहे त्याच बाजूच्या हाताने. डाव्या बाजूला कुत्रा आणि उजव्या हातात खाऊ असला की कुत्रा तुमच्या पायासमोर येतो. मग अडखळता तुम्ही आणि ओरडा खातो तो. कुत्र्याला जिथे उभं राहायला हवं तिथेच खाऊ मिळाला की तो आपणहून तिथे राहू लागतो.

पहिल्या दिवसांत दर एक-दोन पावलांना तुकडा, मिनिटाला दहा ते पंधरा. पाच मिनिटं पुरे, दिवसातून दोन-तीनदा. मग लीश लावून घरात, मग जिन्यात किंवा अंगणात, मग निवांत रस्त्यावर, आणि गजबजलेला रस्ता सगळ्यात शेवटी. पहिल्याच दिवशी हार्नेस घालून थेट बाजारात जाणं म्हणजे आधी कळस मग पाया. एवढा खाऊ द्यायचा तर जेवणाच्या वाट्यातून तेवढा कमी करा.

लीश ताणली गेली तर थांबा. मागे खेचू नका, हिसका देऊ नका, लीशचा हात पोटाशी ठेवून नुसते उभे राहा. कुत्रा मागे बघेल किंवा एक पाऊल मागे येईल आणि झोळ पडेल. झोळ पडल्या क्षणी पुढे चला.

इथे एक बारीक सापळा आहे. लीश ताणली, थांबलात, कुत्रा परत आला, तुम्ही खाऊ दिला, तो पुन्हा पुढे पळाला. चार दिवसांत कुत्रा हाच खेळ शिकतो: ओढायचं, परत यायचं, खायचं, ओढायचं. तुमच्या दृष्टीने तो 'परत येतोय', त्याच्या दृष्टीने ओढणं ही खाऊकडे जाणारी पहिली पायरी आहे. म्हणून परत आल्यावर बक्षीस फक्त पुन्हा चालू लागण्याचं. खाऊ मिळेल तो त्यानंतर तीन-चार पावलं सैल लीशवर पडली तर. हा एक बदल केला की आठवडाभर अडलेला कुत्रा बरेचदा दोन-तीन दिवसांत सुटतो.

थांबणं एकट्याने सगळ्यांना पुरत नाही. तरुण, दमदार कुत्र्यासोबत दहा मीटरला पंधरा वेळा थांबावं लागतं आणि दोघंही वैतागतात. अशा वेळी लीश ताणली जाण्याच्या जरा आधी, म्हणजे कुत्र्याचे खांदे तुमच्या गुडघ्याच्या पुढे गेले की, आनंदी आवाजात हाक मारून विरुद्ध दिशेला वळा. तो पोचला आणि बरोबर चार पावलं चालला की खाऊ. ताणल्यावर वळलात तर तो हिसका होतो, हा फरक लक्षात ठेवा.

खाऊपेक्षा मोठं बक्षीस रस्त्यावर फुकट असतं: हुंगणं. कुत्रा ज्या खांबाकडे ओढतोय, त्या खांबापर्यंत पाच-सहा पावलं सैल लीशवर चाला आणि मग 'जा, हुंग' म्हणून सोडा. माणसाची चाल कुत्र्याच्या मनाजोगत्या चालीपेक्षा हळू असते. वासांनी भरलेल्या वाटेवर इतकं हळू चालणं त्याच्यासाठी मेहनतीचंच काम आहे, तेव्हा त्याची मजुरीही तशीच हवी.

दहापैकी एकदा जरी ओढून खांबापर्यंत पोचता आलं, तर कुत्रा उरलेल्या नऊ वेळांनाही प्रयत्न करत राहतो. अधूनमधून फळणारी सवय रोज फळणाऱ्या सवयीपेक्षा चिवट असते. पण रोज, प्रत्येक फेरीत शिकवायला वेळ कुणाला असतो? दोन कड्यांचा खरा उपयोग इथे. छातीची कडी म्हणजे शिकवणी: लीश ताणली की थांबणार, नियम कडक. पाठीची कडी म्हणजे आज घाई आहे, नुसतं बाहेर जाऊन यायचं, ओढलं तरी चालेल. कुत्रे हा फरक अंगावरच्या जाणिवेने ओळखतात. मात्र घरातल्या सगळ्यांनी तो पाळायचा. एकाने थांबायचं आणि दुसऱ्याने फरफटत जायचं, असं असेल तर हार्नेस बदलून काही होत नाही.

खाऊ कमी करताना अंतर ओळीने वाढवू नका. तीन पावलं, आठ, चार, बारा, पाच असं अनियमित ठेवा. नियमितपणा कुत्रा लगेच मोजतो आणि दोन बक्षिसांच्या मधल्या पावलांत लक्ष काढून घेतो.

दुसरे पर्याय

कॉलर: नाव-पत्त्याचा बिल्ला अडकवायला आवश्यक, ओढणाऱ्या कुत्र्याला धरायला नाही. 2006 सालच्या एका अभ्यासात कॉलरवर ताण आला की डोळ्यातला दाब वाढतो असं दिसलं, हार्नेसवर तसं दिसलं नाही. काचबिंदू किंवा डोळ्यांचे इतर विकार असलेल्या कुत्र्यांसाठी ही बाब महत्त्वाची. 2020 मध्ये मानेच्या प्रतिकृतीवर वेगवेगळ्या कॉलर ताणून पाहिल्या, तेव्हा अस्तर लावलेल्या, रुंद कॉलरसुद्धा जोराच्या ताणात सुरक्षित ठरल्या नाहीत. चपट्या नाकाच्या जातींना, श्वासनलिकेचा त्रास असलेल्या लहान कुत्र्यांना तर कॉलरवर चालवूच नये.

तोंडावरून जाणारा हेड हॉल्टर (हॉल्टी, जेंटल लीडर ही त्यातली जुनी नावं): ताबा हार्नेसपेक्षा जास्त, कारण डोकं वळलं की अंग वळतं. पण सवय लावायला एक-दोन आठवडे खाऊ देत देत घालावा लागतो, नाहीतर कुत्रा सगळा वेळ पंजाने नाक घासत राहतो. झेपावणाऱ्या कुत्र्याला लीश संपल्यावर मानेला झटका बसतो. चपट्या नाकावर तो टिकतच नाही. फार ताकदवान कुत्रा आणि अशक्त माणूस अशी जोडी असेल तर विचार करा, एरवी नको.

काट्यांची किंवा आवळणारी साखळी दुखवून थांबवते. समोरून दुसरा कुत्रा येताना प्रत्येक वेळी गळा दुखला तर कुत्रा दुखण्याचा संबंध समोरच्या कुत्र्याशी जोडू शकतो, आणि ओढण्याच्या जागी भुंकणं-झेपावणं येतं. आमच्या मते कुणीही घेऊ नये.

कुणी घ्यावा, कधी सोडावा

अंगात जोर असलेला, बाकी निर्धास्त, फक्त पुढे पळणारा कुत्रा असेल तर या हार्नेसला पर्याय नाही. इतर कुत्र्यांना किंवा गाड्यांना बघून बिथरणारा कुत्रा असेल तर हार्नेस फक्त सुरक्षिततेपुरता. तिथे मूळ काम त्या गोष्टींपासून अंतर राखण्याचं आहे, आणि त्यासाठी प्रशिक्षक लागतो. जो कुत्रा आधी नीट चालत होता आणि अचानक एका बाजूला ओढू लागला किंवा चालायला तयार नाही, त्याला हार्नेस नको, पशुवैद्य हवा.

आठवडाभराच्या बहुतेक फेऱ्यांत लीशला झोळ राहू लागला की बदल सुरू करा. दोन हूकांच्या लीशमध्ये भार हळूहळू पाठीच्या हूकवर आणा, छातीचा नुसता लागलेला राहू द्या. मग निवांत रस्त्यावर फक्त पाठीवर. वर्षभर छातीच्या कडीवर ओढतच राहिलेला कुत्रा तिच्यावर टेकून, खेकड्यासारखा तिरका चालायला शिकतो. तसा दिसला तर हार्नेस आपलं काम करत नाही आणि तुम्हीही नाही.

काळजी साधी. कोमट पाण्यात सौम्य साबणाने हाताने धुवा, सावलीत वाळवा, बकलमधली वाळू ब्रशने काढा. ती खटक्यात अडकली की बकल लागल्याचा आवाज येतो पण लागत नाही. दर फेरीनंतर काखेतले केस बोटांनी बाजूला करून बघा: तुटलेले केस किंवा लालसर कातडी दिसली तर दोन दिवस विश्रांती आणि माप पुन्हा. कडीजवळचा एक जरी टाका उसवलेला दिसला, तर शिवत बसू नका, नवा आणा.